आधी त्यांचं बोलणं टिपून घे

थाटीपुर, ग्वाल्हेर

चि. बबडीस,


तुझ्या माहितीपटाचा आराखडा आणि अंदाजपत्रक मिळालं. मी सावकाश वाचलं, मग तुझ्या काकांनाही वाचायला दिलं. सैन्यातल्या बायकांवर फिल्म करायची तुझी जिद्द मला मनापासून आवडली. तिच्यासाठी एखाद्या बड्या धनिकाच्या दारात न बसता लोकांकडून पैसे उभे करायचे, हे तर फारच आवडलं. तू विचारलंस, "मावशी, मागायला सुरुवात कुठून करू?" ते सांगतेच. पण पैसे कशासाठी मागायचे, यावर आधी बोलायला हवं, कारण तुझ्या अंदाजपत्रकातला सगळ्यात मोठा आकडाच मला खटकला आहे.

तो आकडा झांशीच्या राणीचा आहे. फूलबागेतल्या समाधीवरून ड्रोन फिरवायचा, घोडे आणायचे, कोटा की सराईची लढाई पुन्हा उभी करायची, आणि मग तिथून आजच्या वर्दीतल्या मुलींपर्यंत यायचं, असं तू लिहिलं आहेस. मी या गावात जन्म काढला आहे. १८५८च्या जूनमध्ये १६ तारखेला सर ह्यू रोजनं मुरार घेतलं. ते मुरार आमच्या घरापासून रिक्षानं जाण्याच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी कोटा की सराईला इंग्रजांच्या हुसार घोडदळाशी गाठ पडली. इंग्रजांच्या कागदांत राणीच्या मृत्यूची तारीख १७ आहे, आपण १८ जून मानतो. दरवर्षी त्या सुमाराला समाधीपाशी बलिदान मेळा भरतो आणि मी जाते. तेव्हा राणीबद्दल मला कमी वाटतं म्हणून हे लिहीत नाही.

पण सोहराब मोदींनी हे सगळं करून पाहिलं आहे. १९५३ साली 'झांसी की रानी' त्यांनी टेक्निकलरमध्ये काढला, 'गॉन विथ द विंड'चा छायाचित्रकार अर्नेस्ट हॅलर त्यासाठी आणला, पैसा पाण्यासारखा ओतला, आणि तो चित्रपट चालला नाही. तुझ्याकडे मोदींच्या एका दिवसाच्या शूटिंगइतकाही पैसा नसेल. वर्गणीतून जमलेला रुपया घोड्यांच्या भाड्यात जावा, हे मला पटत नाही.

राणी हवीच असेल, तर तिच्याकडे जायची दुसरी वाट आपल्या मराठीतच आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फेडायचं म्हणून उत्तरेला निघाले. का, तर आपल्या ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा मिळणार, अशी खबर होती. वाटेत बंडात सापडले, झांशीच्या वेढ्यात अडकले. झांशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटली. पठाणी वेश, अंगभर धूळ, घसा कोरडा पडलेला. गोडसेभटजी पाणी शेंदून द्यायला पुढे झाले, तर तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी नका काढू, असं म्हणून तिनं स्वतःच पाणी ओढून घेतलं. लक्ष्मीबाईचे पुतळे मी पुष्कळ पाहिले, पण ती मला दिसली ती या विहिरीपाशी. हरलेली, दमलेली, तरी पुढच्या मुक्कामाला निघालेली एक सेनापती.

आता यातला तुझ्या कामाचा भाग ऐक. गोडसेभटजींनी हे आपणहून लिहिलेलं नाही. चिंतामण विनायक वैद्यांनी त्यांना लिहायला लावलं. हे तेच वैद्य, जे ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश होते. पुढे १९०७ साली त्यांनीच 'माझा प्रवास' छापून आणलं. वैद्यांनी विचारलं नसतं, तर ती विहीर वरसईच्या एका म्हाताऱ्या भिक्षुकाबरोबर गेली असती. मला वाटतं, तुझ्या फिल्मनं वैद्यांचं काम करावं, मोदींचं नाही. जे आहेत त्यांना विचारावं, आणि वेळेत विचारावं.

वेळेत म्हणजे किती, ते सांगते. सुभाषबाबूंनी १९४३ साली सिंगापुरात राणी झांशी रेजिमेंट उभी केली. मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ घरांतल्या कितीतरी मुली तिच्यात आल्या. झांशी त्यांनी नकाशातसुद्धा पाहिली नसेल. त्यांच्या कॅप्टन लक्ष्मी सेहगल २०१२ साली कानपूरला वारल्या. कानपूर आमच्यापासून असं कितीसं दूर आहे! दुसऱ्या महायुद्धात आपल्या इथं महिलांचं सहायक दल होतं, १९४२चं. त्यात हजारो बायका होत्या, कारकुनीपासून गुप्त संदेशांपर्यंत कामं करत होत्या. नौदल शाखेतल्या कल्याणी सेन यांचा १९४५ सालचा ब्रिटनमधला फोटो लंडनच्या युद्धसंग्रहालयात आहे. एक फोटो. त्या दलातली कोणी आज असेल, तर शंभरीच्या आसपास असेल.

आणि आमच्या गल्लीत कॅप्टनताई आहेत. तू लहानपणी त्यांच्याकडे पेरू खायला जायचीस. सैन्यातल्या नर्सिंग सेवेतून निवृत्त झाल्या, आता ऐंशी ओलांडल्या आहेत. ७१च्या लढाईत त्या पूर्वेकडच्या एका लष्करी इस्पितळात होत्या. परवा मी त्यांना सहज विचारलं, तुम्हाला तेव्हाचं काय आठवतं? मला वाटलं, रक्त म्हणतील. त्या म्हणाल्या, नाड्या. जखमी आला की आधी बूट काढायचे. नाड्या चिखलानं अशा आवळलेल्या असायच्या की बोटांनी सुटायच्याच नाहीत. मग खिशातली कात्री काढायची, खालून वर एका दमात नाडी कापायची, आणि बूट ओढताना पोराच्या तोंडाकडे बघायचं, म्हणजे पाय मोडला आहे की नाही ते कळतं. ती कात्री त्यांनी शिवणाच्या डब्यातून काढून माझ्या हातात दिली. पाती झिजली आहेत, एका मुठीला त्यांनी तेव्हाच पट्टी गुंडाळली होती, बोटाला घट्टा पडायचा म्हणून. मला ती हातात धरवेना आणि खालीही ठेववेना.

बबडे, तुझ्या आराखड्यात 'सैन्यात महिलांचा प्रवेश : १९९२' असं लिहिलं आहे. मग कॅप्टनताई कोण? लष्करी परिचारिका १८८८ साली मुंबईच्या बंदरात उतरल्या, १९२६ला हिंदी लष्करी नर्सिंग सेवा झाली, १९४३च्या वटहुकुमानं त्यांना अधिकारी म्हणून रीतसर जागा मिळाली. महिलांना इतर शाखांत अधिकारी म्हणून घ्यायची १९९२ची योजना मोठी गोष्ट होती, खरंच होती. प्रिया झिंगन आणि त्यांच्या बरोबरीच्या मुली चेन्नईहून १९९३च्या मार्चमध्ये अधिकारी होऊन बाहेर पडल्या, तेव्हा आम्ही शाळेत टाळ्या वाजवल्या होत्या. पण सुरुवात तिथून धरलीस, तर इस्पितळातल्या सगळ्या बायका फिल्मच्या बाहेर राहतील. त्यांना कायम बाहेरच ठेवलं गेलं आहे. तू तरी ठेवू नकोस.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की जमतील ते पहिले पैसे ध्वनिमुद्रणावर खर्च कर. चांगला साउंड रेकॉर्डिस्ट, प्रवासाचं भाडं, आणि म्हाताऱ्या बायकांपाशी दोन-दोन दिवस बसायची फुरसत. ड्रोन नंतर, घोडे कधीच नाहीत. लढाऊ विमानांची दृश्यं पुढच्या वर्षीही मिळतील. आमच्या डोक्यावरून ती महाराजपूरच्या तळावरून रोज जातात, खिडक्यांची तावदानं थरथरतात. अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंह या तिघी लढाऊ वैमानिक म्हणून वायुदलात दाखल झाल्या ती तारीख १८ जून २०१६ होती. या गावात त्या तारखेला काय असतं ते मी वर लिहिलंच आहे. आपल्याच राज्यातली अवनी त्या दिवशी वैमानिक झाली, याचं इथल्या मुलींना किती वाटलं असेल ते तुला इथं येऊन राहिल्याशिवाय कळायचं नाही.

आता पैसे कोणाचे घ्यायचे. तू लिहिलंस की एका कंपनीच्या माणसानं सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली आहे, फक्त फिल्म वीरपत्नींभोवती फिरावी आणि शेवटी डोळे भरून यावेत, असं त्यांचं म्हणणं आहे. नाही म्हणून कळव, आणि लगेच कळव. साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांचे पती कर्नल संतोष महाडिक २०१५ साली कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यानंतर स्वातींनी चेन्नईचं खडतर प्रशिक्षण पुरं केलं आणि सप्टेंबर २०१७मध्ये त्या स्वतः लेफ्टनंट झाल्या. टीव्हीवर त्यांचं काय दाखवलं? अंत्यसंस्कार आणि संचलन. त्यानंतरची त्यांची नोकरी, रोजचं काम, बदल्या, मुलांच्या शाळा, हाताखालची माणसं, हे कोणी विचारलं का? ज्याचा पैसा रडण्यासाठी आहे, तो तुला हे विचारू देणार नाही. त्याला त्या बाईचं दुःख पाहिजे, तिची नोकरी नको आहे. पैसे देणारा एकच असला की फिल्म त्याची होते. देणारे हजार असले की ती कोणा एकाची राहत नाही, आणि तेच आपल्याला हवं आहे.

हजारांकडून मागायची रीत आपल्याकडे जुनी आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड काढला, टिळकांनी तो उचलून धरला, आणि माणशी एक-एक पैसा जमवत १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. 'मंथन'चं तर तुला मीच सांगायला नको. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले आणि श्याम बेनेगलांची फिल्म झाली. त्यातलं एक मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. ज्यांच्यावर फिल्म होती त्यांनीच पैसे दिले होते, आणि पुढे बैलगाड्या जुंपून तेच ती बघायलाही आले. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांचे साथीदार तर गावोगाव फिल्म दाखवत, लोकांपुढे झोळी पसरत हिंडले, आणि त्यातून 'अम्मा अरियन' झाला. तेव्हा तू आधी अशा घरांत जा, जिथून कोणी तरी सैन्यात गेलं आहे.

आमच्याकडे ती घरं शोधावी लागत नाहीत. भिंड-मुरैनाच्या गावांतून पिढ्यान् पिढ्या जवान भरती होतात, आणि निवृत्त झाले की मुरार-थाटीपुरात घर बांधतात. त्यांच्याकडे जा असं सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. सर्वोच्च न्यायालयात महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा खटला चालला, तेव्हा सरकारकडून असं मांडलं गेलं की जवान बहुतेक खेड्यांतून येतात, बाईचा हुकूम मानायला त्यांची मानसिक तयारी नसते. १७ फेब्रुवारी २०२०ला न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती रस्तोगी यांनी ते साफ फेटाळलं. पण त्या जवानांना स्वतःला कोणी विचारलं? तू विचार. भिंडच्या एखाद्या निवृत्त सुभेदारासमोर कॅमेरा ठेव आणि म्हण, साहेब, मॅडमचा हुकूम मानायला तुम्हाला जड गेलं का? जे उत्तर येईल ते राहू दे, गोड असो की कडू. आमच्या कोपऱ्यावरचे सुभेदार मला म्हणाले, "हुक्म तो हुक्म होता है, बहनजी." आणि थोडं थांबून म्हणाले, पहिले सहा महिने मेसमध्ये हसायचे सगळे, मग एका रात्री पुरात पूल बांधायचा होता, त्यानंतर कोणी हसलं नाही. ही गोष्ट तुला कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाही.

त्याच खटल्यातल्या बायकांकडेही जा. चौदा वर्षं नोकरी करून घरी आलेल्या, आणि वीस वर्षं भरली नाहीत म्हणून पेन्शन नाही. चाळिशीच्या घरात वर्दी उतरवायची आणि नव्यानं नोकरी शोधायची. ही माणसं शूर होतीच, पण मला त्यांच्याबद्दल जास्त काय वाटतं तर त्यांनी इतकी वर्षं कागद सांभाळले, वकील गाठले, तारखा केल्या. त्यांच्यामुळे पुढच्यांचं दार उघडलं. ३० मे २०२५ला आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या. सगळीकडे त्यांचे फोटो आले आणि ते यायलाच हवे होते. तू मात्र 'पहिली' या शब्दाच्या मागे धावू नकोस. पहिलीला फुलं मिळतात. दहावी येते तेव्हा बराकीत स्वच्छतागृह असतं का, तिच्या मापाचे बूट भांडारात असतात का, हे दहावीला विचारायचं असतं.

मला स्वतःला काय माहीत आहे, तर फक्त एनसीसी. मुलींसाठी ती १९४९ला सुरू झाली, आणि आपल्या ग्वाल्हेरात तिची महिलांची अकादमी आहे, एनसीसी शिकवणाऱ्या देशभरच्या शिक्षिका तिथं तयार होतात. मीही तिथंच शिकले. मला रणभूमी माहीत नाही, पण पॉइंट टू-टू रायफल घेऊन पालथी पडलेली पंधरा वर्षांची मुलगी मला माहीत आहे. पोटाखाली सतरंजी, कोपर मातीत रुतलेलं, वेणी कॉलरमध्ये खोचलेली. पाच गोळ्या. मग उस्ताद निशाण काढून आणतात आणि पाची भोकांत अंतर किती ते मोजतात. ते म्हणतात ग्रुपिंग. भोकं मधोमध नसली तरी चालतील, जवळजवळ हवीत. जवळ असली म्हणजे श्वास आवरला, हात स्थिर राहिला. घरी जिचं कोणी काही ऐकून घेत नाही अशी एक मुलगी तो फाटका कागद घडी घालून दप्तरात ठेवताना मी पाहिली आहे. तिचं पुढं काय झालं? ती सैन्यात गेली नाही, लग्न झालं, मोरीच्या नळावरून सासूशी भांडली असेल. पण तीही तुझ्या फिल्मच्या वर्गणीदारांत हवी. एनसीसीतून गेलेल्या बायका या देशात लाखोंनी आहेत. त्यांतल्या एका टक्क्यानं शंभर रुपये दिले तर तुझं अंदाजपत्रक दोनदा पुरं होईल.

मागायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस. फाळकेसाहेबांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचा कोंब कसा वाढतो त्याची छोटीशी फिल्म केली, ती नाडकर्णी नावाच्या गृहस्थांना दाखवली, आणि मग त्यांनी कर्ज दिलं. सरस्वतीबाईंचे दागिने गेले ते वेगळंच. तू कॅप्टनताईंच्या कात्रीवर पाच मिनिटांचं काहीतरी कर. तेवढं दाखव आणि मग पावती पुस्तक उघड.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात सांगते. फिल्मचं बँक खातं वेगळं असू दे, घरखर्चाचा रुपया त्यात नको. दर महिन्याला हिशेब सगळ्यांना कळव, जमा पन्नास रुपये असले तरी. एखादी नोंदणीकृत संस्था बरोबर घेतलीस तर देणाऱ्यांना आयकरात सूट मिळू शकेल, पण संस्थेनं फिल्ममध्ये लुडबुड करायची नाही हे आधी लिहून घे. न्यू जर्सीच्या मामाचे पैसे परस्पर घेऊ नकोस. तो आता अमेरिकन नागरिक आहे, त्याचा पैसा कायद्यानं परदेशी देणगी ठरतो. लंडनची ताई अजून भारतीय पासपोर्टवर आहे, तिनं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर तो प्रश्न येत नाही. तरी सीएला विचारूनच पुढं जा. नावं शेवटी अकारविल्हे दे, पुढं रक्कम लिहू नकोस.

आणि परवानगी. २०२०च्या जुलैपासून संरक्षण मंत्रालयानं म्हटलं आहे की सैन्यावरची फिल्म असो की मालिका, दाखवण्याआधी त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं. दिग्दर्शक ओनीरच्या पटकथेला ते मिळालं नाही, हे तू मला सांगितलं होतंस. वर्गणी देणाऱ्यांना हे आधीच स्पष्ट सांग. सेवेत असलेल्या मुली परवानगीशिवाय तुझ्यासमोर मोकळं बोलू शकणार नाहीत, त्यांना अडचणीत आणू नकोस. निवृत्तांपासून सुरू कर. तसंही म्हाताऱ्यांना आधी गाठायचं आहे.

पुढच्या महिन्यात ये. उन्हाळा आहे, सकाळी लवकर काम करावं लागेल. मेळ्याच्या मैदानावर पाचला मुली सोळाशे मीटरचा सराव करायला येतात, अग्निवीर आणि पोलीस भरतीसाठी. कोचिंगवाला शिटी घेऊन उभा असतो, कोणाची आई दुपट्टा धरून बाजूला बसलेली असते. तुला त्यांचं शूटिंग हवं असेल, तर आयांशी मी बोलून ठेवते. दुपारी कॅप्टनताईंकडे. त्यांना जेवण झाल्यावर झोप लागते, चारनंतर बऱ्या असतात. त्यांचा उजवा कान काम देत नाही, माइक डावीकडे ठेव आणि तूही डावीकडेच बस. मुलाखतीचं त्यांना मी सांगितलं आहे. आधी म्हणाल्या, माझं काय विचारायचंय, मी काही लढले नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच निरोप पाठवला की पदकं कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, काढायला कोणीतरी उंच माणूस लागेल. काका येतील.

माझी वर्गणी तुझ्या खात्यावर आजच टाकली आहे. दोन पावती पुस्तकं पाठव, एक माझ्याकडे राहील आणि एक सुभेदारसाहेबांनी मागितलं आहे.

तुझी,
मावशी